पिल्लं कोंबडीखालून काढू नका!

डालगंवाली, दापोली:
परवा इथे कुणीतरी लिहिलं की पिल्लं फुटली की त्याच संध्याकाळी कोंबडीखालून काढा आणि खोक्यात बल्बखाली ठेवा, म्हणजे कोंबडी लवकर परत अंडी द्यायला लागते. वर असंही की पिल्लं आईजवळ ठेवणं हा आळशीपणा आहे. हे मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ब्रूडरमध्ये, म्हणजे बल्बच्या उबेच्या खोक्यात, पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत जायचं. कोंबडीला हे कुणी शिकवावं लागत नाही. गारठलेलं पिल्लू पंखाखाली शिरतं, ऊब मिळाली की बाहेर येतं. वाळवी कुठे उकरायची, कणी कशी टिपायची हे ती आवाज देऊन दाखवते. घार दिसली की तिचा आवाजच बदलतो आणि पिल्लं क्षणात गवतात गडप! बल्ब यातलं काय करणार? आणि बल्बला वीज लागते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे किती दिवस अंधार होता ते इथल्यांना सांगायला नको. शेजारच्या खोक्यातली पिल्लं पहिल्याच रात्री गेली. माझी कोंबडी पडवीत पिल्लांवर बसून होती, एकही दगावलं नाही.

माणदेशी:
ताई, वादळ रोज येत नाही, घार रोज येते. आमच्याकडे उघडं माळरान आहे, लपायला झुडूप नाही. 10 पिल्लं घेऊन कोंबडी हिंडायला लागली की महिन्याभरात 4 उरतात. मुंगूस वेगळंच. आणि हिशेब करा. गावरान कोंबडी वर्षाला 50-60 अंडी देणार, त्यात 21 दिवस रवण, म्हणजे अंडी उबवत बसणं, आणि वर दोन महिने पिल्लं. तेवढे दिवस अंडी बंद. माझ्या आईचा मीठ-मिरचीचा खर्च अंड्यांवर चालायचा, त्यामुळे खुडूक, म्हणजे अंडी बंद करून उबवायला बसलेल्या कोंबडीचं कौतुक मला नाही. तिला सरळ पाण्यात बुडवून उठवायचो.

डालगंवाली, दापोली:
पहिले दोन आठवडे आई-पिल्लं डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपलीखाली ठेवा, घार काय करेल? तुम्ही फुटल्या दिवसापासून मोकळी सोडता आणि दोष कोंबडीला देता.

खुराडं, चंदगड:
घार-मुंगूस राहू द्या हो, मानमोडीचं, म्हणजे राणीखेत रोगाचं बोला. बल्ब असो की आई, पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात त्यावरच्या लासोटा लसीचा थेंब पडला नाही तर सगळं फुकट. माझं अख्खं खुराडं एका आठवड्यात रिकामं झालं, माना वाकड्या करून गोल फिरत मेल्या. आणि लस आणायला गेलो तर 100 डोसांची बाटली! घरी पिल्लं 11. बाटली फोडली की एक-दोन तासांत संपवायची, उरलेली फेकायची. थर्मासात बर्फ घालून तालुक्याहून आणायची ती वेगळी. पाच-दहा कोंबड्या पाळणाऱ्याचा विचार कुणीच करत नाही.

गावठीप्रेमी:
गावठीला लस लागत नाही. अंड्यातूनच शक्ती येते. आमच्या आजीने कधी थेंब घातला नव्हता.

खुराडं, चंदगड:
आजीच्या कोंबड्या साथीत मरत नव्हत्या का? तेव्हा गावभर एकदम मरायच्या आणि लोक म्हणायचे देवीचा कोप. उत्तराखंडातल्या राणीखेत गावी हा रोग 1927 साली सापडला, कालचा नाही. आईला लस दिलेली असेल किंवा रोग होऊन गेला असेल तरच अंड्यातून संरक्षण येतं, तेही काही आठवडेच. अर्धवट माहितीवर दुसऱ्यांची पिल्लं मारू नका.

गावठीप्रेमी:
भाषा सांभाळा.

खुराडं, चंदगड:
पिल्लं पुरली आहेत मी. भाषा नंतर बघू.

पशुसखी, संगमेश्वर:
भांडू नका. आमच्या वाडीत बायकांनी ठरवून एकाच आठवड्यात रवणी बसवल्या. पिल्लं सगळीकडे एकदम फुटली, एक बाटली फोडून घरोघर थेंब घातले. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, आठव्यात आर-टू-बी या मानमोडीच्याच दुसऱ्या लसीचं इंजेक्शन. थेंब घालायला पिल्लं संध्याकाळी पंखाखालून काढायची, म्हणजे आई चोचत नाही.

माणदेशी:
हे बरं आहे. तरी सांगतो, 100 पिल्लं असतील तर बल्बच. एका कोंबडीखाली दहा-बारापलीकडे मावत नाहीत.

डालगंवाली, दापोली:
100 पिल्लांना बल्ब लावा, माझी हरकत नाही. मी घरच्या दहांबद्दल बोलतेय. उलट विकतची वनराज या सुधारित जातीची एक दिवसाची पिल्लं रात्री हळूच रवणीच्या कोंबडीखाली सारून बघा. तिची स्वतःची नुकती फुटलेली असतील तर बहुतेक वेळा सांभाळून घेते.

माणदेशी:
दोन-चार सारून बघेन. पण मोकळी सोडणार नाही, डालग्यातच.

खुराडं, चंदगड:
संगमेश्वरच्या ताई, आमच्या गल्लीत सध्या तीन कोंबड्या खुडूक आहेत. सगळ्यांची अंडी एकाच रात्री ठेवायची का? आणि ज्या आधीपासून अंड्यांशिवाय रिकाम्याच बसल्यात त्या पुढचे 21 दिवस टिकतील का?

पशुसखी, संगमेश्वर:
एकाच रात्री ठेवा. जी फार दिवस रिकामी बसून वाळली असेल ती सोडा, दुसरी बघा. बाकीच्यांना रोज एकदा उठवून दाणापाणी द्या. खाली राख आणि कडुलिंबाचा पाला घाला, नाहीतर पिसवांनी उठून जातील.