विमानाने ‘परस्पर’ मोड बदलला, असं म्हणता येईल का?

परुळ्याहून लिहितोय. चिपीचा विमानतळ आमच्या शेजारच्याच माळावर, त्यामुळे इथल्या मुलांना विमानाबद्दल फार कुतूहल. शाळेच्या हस्तलिखितासाठी ऑटोपायलटवर चार पानं लिहायला घेतली आणि दोन दिवस एकाच ठिकाणी अडलोय.

ऑटोपायलट एकाच रीतीने विमान चालवत नाही. ‘आहे ती उंची धरून ठेव’ हा एक मोड, ‘मिनिटाला इतके फूट खाली ये’ हा दुसरा, ‘इंजिनं मंद ठेव आणि वेग नाकाच्या कोनाने सांभाळ’ हा तिसरा. कुठला चालू आहे ते वैमानिकासमोरच्या पडद्याच्या माथ्यावर आखूड अक्षरांत लिहिलेलं असतं. एअरबस किंवा बोइंगमध्ये मोड बदलला की त्या अक्षरांभोवती दहा सेकंद चौकट येते. दहा सेकंदांनी चौकट जाते, अक्षरं तेवढी राहतात.

‘मोड’ला मराठी शब्द शोधत बसलेलो नाही. मटकीला मोड येतात, शंभराची मोड मागतात, हे खरं. पण फोनच्या सायलेंट मोडमुळे मुलांना तो शब्द पाठ आहे. अडचण पुढची आहे. मोड बदलला आणि वैमानिकांना कळलंच नाही, या घटनेला काय म्हणावं?

पहिल्या खर्ड्यात मी ‘गफलत’ लिहिलं आणि खोडलं. गफलत आणि गाफील ही एकाच अरबी घरातली भावंडं. गफलत म्हटलं की वाचणारा लगेच विचारतो, कोणाची? बोट वैमानिकाकडे जातं आणि गोष्ट तिथेच संपते.

२५ फेब्रुवारी २००९ला ॲमस्टरडॅमला उतरणारं तुर्की बोइंग ७३७ घ्या. विमान जवळजवळ दोन हजार फुटांवर होतं, पण डाव्या बाजूचा रेडिओ उंचीमापक बिघडून उणे आठ फूट दाखवू लागला. इंजिनांचा जोर आपोआप कमीजास्त करणाऱ्या ऑटोथ्रॉटलने त्यावर विश्वास ठेवला, विमान टेकतंय असं समजून इंजिनं मंद केली. पडद्यावर तसं लिहिलंही. वेग उतरत गेला, लक्षात येईतो उशीर झाला, नऊ माणसं गेली. हे कोणी करायला सांगितलं नव्हतं. यंत्राने *परस्पर* केलं.

हा शब्द सुचला आणि मी उठून बसलो. संस्कृतात परस्पर म्हणजे एकमेकांत. मराठीने तोही अर्थ ठेवला, पण बोलण्यात त्याला जवळजवळ उलटा केला: दुसऱ्याला न विचारता, न सांगता. कोकणात तर हा शब्द सातबाऱ्यावरच राहतो. आमच्याच घराण्यात सामाईक कलमाची जागा एकाने परस्पर दिली. मुंबईचा चुलतभाऊ गणपतीला आला तेव्हा विहिरीच्या वाटेवर नवा चिऱ्याचा गडगा उभा. त्याने विचारलं तर उत्तर मिळालं, “फेरफाराची नोटीस चावडीवर लागली होती की!” लागली होती. पण तो लालबागला होता.

पडद्यावरची चौकट मला त्या नोटिशीसारखी वाटते. लावली होती हे खरं, पोचली नाही हेही खरं. म्हणून ‘परस्पर फेरफार’ असा शब्द लिहावा का?

वेंगुर्ल्याहून उत्तर:
गुरुजी, ‘परस्पर’ पटला, ‘फेरफार’ नको. हिशेबात फेरफार, मतपत्रिकेत फेरफार. या शब्दाला लबाडीचा वास आहे. यंत्राच्या मनात लबाडी नसते.

दुसरं, सगळेच बदल परस्पर नसतात. २९ डिसेंबर १९७२ला ईस्टर्न या अमेरिकी कंपनीचं विमान मायामीजवळ दोन हजार फुटांवर उडत होतं. पुढच्या चाकाचा एक दिवा लागेना म्हणून सगळे त्या दिव्यात गुंतले. वळून बोलताना कॅप्टनचा सुकाणूच्या दांड्याला बहुधा हलका दाब बसला आणि ‘उंची धरून ठेव’ हा मोड सुटला. अर्ध्या सेकंदाची घंटी वाजली, कोणी बोललं नाही. विमान अंधारात हळूहळू दलदलीत उतरलं, १०१ जण गेले. इथे हात माणसाचाच होता. याला मी ‘नकळत’ म्हणेन.

मालवणहून उत्तर:
मी विमानात कधी बसलेलो नाही, वडील तांडेल होते. पहाटे मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं, हा जुना शिडाचा हिशेब. मधे वारा फिरतो तेव्हा काही क्षण शीड नुसतं लोंबतं. ते आधी ज्याच्या लक्षात येई तो मोठ्याने म्हणे, “वारो फिरलो!” आणि सुकाणूवरचा “व्हय, फिरलो” म्हणे. वडील सांगायचे, दोघांनी म्हटल्याशिवाय तो फिरला असं धरायचंच नाही. वैमानिकांत असं काही असतं का?

परुळ्याहून:
असतं, दादा. अनेक विमान कंपन्यांत नियमच आहे: मोड बदलला की एकाने पडद्यावरचे शब्द वाचून बोलायचे आणि दुसऱ्याने बघून होकार द्यायचा. त्याला ते कॉलआउट म्हणतात. मी ‘पुकारा’ लिहिणार होतो, पण तुमच्या वडिलांचं उदाहरण तसंच्या तसं घेतो. आमच्या मुलांच्या घरात अजून ते शब्द आहेत.

वेंगुर्ल्याच्या ताईंचं म्हणणं मान्य. फेरफार काढला. यंत्राने केला तर ‘परस्पर बदललेला मोड’, माणसाच्या हातून झाला तर ‘नकळत बदललेला मोड’. गफलत हा शब्द चारही पानांत नाही.

एकच घटना अजून कुठल्या रकान्यात टाकावी कळत नाही. १४ फेब्रुवारी १९९०, मुंबईहून बंगळूरला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं ए-३२०. उतरताना विमान त्या इंजिनं मंद ठेवणाऱ्या मोडमध्ये होतं. वेग घटत गेला, धावपट्टीच्या अलीकडेच ते गोल्फच्या मैदानावर आदळलं; १४६पैकी ९२ माणसं दगावली. मोड चालू होता, पडद्यावर लिहिलेलाही होता, आणि आपण भलत्याच मोडमध्ये आहोत हे दोघांना वेळेत उमगलं नाही. बदल कसा झाला यापेक्षा तो तसाच *राहिला*, हे इथे मोठं. परस्पर आणि नकळत, दोन्ही शब्द बदलण्याच्या क्षणाचे आहेत. न उमगता चालूच राहिलेल्या गोष्टीला तुमच्याकडे काय म्हणतात? मालवणीतला असला तरी चालेल.