मदत हवी आहे: पेरूच्या जंगलात मोठी पाणमांजरं बघायची आहेत. मनू की तांबोपाता?

नमस्कार मंडळी,

नवरा येत्या ३१ मेला शाळेतून निवृत्त होतोय. ऑगस्टमध्ये आम्ही दोघंच पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यात जायचं म्हणतोय. अठरा दिवस, पाठीवर सॅक, जमेल तिथे लोकल बस. मी ५४ वर्षांची, तो ५८चा. वीस-बावीस वर्षं सह्याद्रीत चालतोय, त्यामुळे चिखल, पाऊस, जळवा यांची भीती नाही. जेवणाचाही प्रश्न नाही, आम्ही मासे खातो. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

आधी हे खूळ कुठून आलं ते सांगते. काही वर्षांपूर्वी रत्नागिरीकडच्या एका खाडीत पहाटे ओहोटीच्या वेळी आम्हाला पाणमांजरांचं कुटुंब दिसलं होतं. आधी पाण्यावर नुसती चार डोकी. मग त्यातलं एक खडकावर चढलं, पुढच्या दोन पंजांत मासा धरला आणि डोक्याकडून खायला सुरुवात केली. काटे चावल्याचा कुरुमकुरुम आवाज आमच्यापर्यंत येत होता. मिशांवरून पाणी ठिबकत होतं. नवऱ्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की घरी आल्यावरही वळ दिसत होते. तो चित्रकलेचा शिक्षक आहे. त्या दिवशी त्याने घरी येऊन आठवणीतून अकरा चित्रं काढली आणि एकही मनासारखं उतरलं नाही.

तेव्हापासून त्याचं दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या पाणमांजरांबद्दल वाचन चालू आहे. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पावणेदोन मीटर, म्हणजे त्याच्याहून लांब! कातड्यासाठी विसाव्या शतकात त्यांची बेसुमार शिकार झाली, आता थोडीच उरलीत. गळ्यावर पिवळसर पांढरे डाग असतात आणि प्रत्येकाचा डाग वेगळा. अभ्यासक त्यावरूनच एकेकाला ओळखतात. आपण ज्याला पाण्यातलं मांजर म्हणतो त्याला तिकडे स्पॅनिशमध्ये ‘लोबो दे रिओ’, नदीतला लांडगा म्हणतात. नवऱ्याला ते गळ्याचे डाग काढायचे आहेत. मोठा कॅमेरा नाही, दुर्बीण आणि वही. त्यामुळे ‘दिसलं, फोटो काढला, चला पुढे’ असं आम्हाला नकोय. तास-दीड तास एका जागी गप्प बसता येईल अशी जागा हवी आहे, आणि आमच्यामुळे त्यांना त्रासही व्हायला नको. पिल्लं असताना होडी फार जवळ नेली तर ती बिथरतात, असं वाचलंय.

नदी वळण सोडून सरळ वाहू लागली की जुन्या वळणाचं तळं उरतं. तिकडे त्याला कोचा म्हणतात. ही जनावरं अशा तळ्यांत असतात. वाचून वाचून दोन जागांवर आलोय.

एक, मनू राष्ट्रीय उद्यान. डोंगरातल्या कुस्को शहराहून पौकारताम्बोमार्गे घाट उतरत आतालायाला जायचं, तिथून होडीने बोका मनू आणि मग मनू नदीतून वर. कोचा साल्वादोर आणि कोचा ओतोरोंगो ही तळी तिथेच. वाटेत धुक्यातलं जंगल लागतं, पेरूचा राष्ट्रीय पक्षी कॉक-ऑफ-द-रॉक तिथला. पण आतल्या भागात परवानाधारक संस्थेबरोबरच जाता येतं, आणि तो खर्च आमच्या एकूण बजेटचा निम्म्याहून जास्त भाग खातो.

दुसरं, तांबोपाता, तेही राखीव जंगलच. पुएर्तो माल्दोनादोपर्यंत बस किंवा विमान, तिथून सान्दोवाल तळं जवळ. स्वस्त आणि सोपं. पण तिथे गर्दी किती असते? गर्दीत पाणमांजरं टिकून राहतात का?

आता बाकीच्या शंका.

पिवळ्या तापाची लस. तिकडच्या जंगलात डासांमुळे हा ताप होतो. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सांगितलं की साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेतली तर गंभीर त्रासाची शक्यता, दुर्मिळ असली तरी, वाढते. म्हणजे घ्यायची तर आत्ताच. नवऱ्याला रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. पंचावन्नच्या पुढे कुणी ही लस घेतली आहे का? नंतर काय काय झालं, नीट सांगाल का? मला याचीच सगळ्यात जास्त काळजी आहे.

व्हिसा. मुलगी जर्मनीत आहे, आमच्याकडे शेंगेन व्हिसा आहे. तो असला की भारतीयांना पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही, पण तो सहा महिने शिल्लक हवा आणि आमचा डिसेंबरमध्ये संपतोय. मग दिल्लीच्या वकिलातीत अर्ज करावा लागेल ना? किती आधी करावा?

आणि शेवटचं. त्या भागात सोन्याच्या बेकायदा खाणी आहेत, त्यातला पारा नदीत, माशांत आणि तिथून या जनावरांच्या पोटात जातो. आपला पैसा निदान जंगल राखणाऱ्यांच्या हातात जावा असं फार वाटतं. तसं राहायचं ठिकाण माहीत आहे का?

प्रतिसाद:

ताई, आम्ही दोघं गेलो होतो, तांबोपाताला. सान्दोवालला मोटरची होडी चालत नाही, वल्ह्यांचीच. नदीकाठापासून तळ्याकडे जवळजवळ तीन किलोमीटर चालावं लागतं आणि पाऊस झाला असेल तर चिखल गमबुटाच्या वर येतो. दिवसाच्या सहली उन्हं वर आल्यावर पोचतात. तुम्ही तळ्याकाठीच मुक्काम करा आणि उजाडायच्या आत पाण्यावर जा. आम्हाला सहा जणांचं कुटुंब दिसलं, पण होडीवाल्याला ‘जवळ नको’ हे दोनदा सांगावं लागलं. ते वाक्य स्पॅनिशमध्ये पाठ करून जा.

राहण्यासाठी पोसादा आमाझोनास बघा. एसे एखा लोकांच्या इन्फिएर्नो गावाच्या भागीदारीत १९९८ पासून चालू आहे. जवळच्या त्रेस चिम्बादास तळ्यात पाणमांजरं आहेत. स्वस्त नाही, पण दोन रात्री परवडतील.

एक स्वेटर ठेवा. ऑगस्टमध्येही दक्षिणेकडून थंड वारा येतो, त्याला फ्रियाखे म्हणतात. कधी कधी पारा पंधराच्याही खाली जातो. आम्ही उकाड्याच्या तयारीने गेलो आणि दोन रात्री कुडकुडत काढल्या.

प्रतिसाद:

लसीबद्दल. मी ५७व्या वर्षी घेतली. दोन दिवस अंग दुखलं, थोडी कणकण, बाकी काही नाही. पण हा माझा अनुभव, तुमच्या यजमानांचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा. ही जिवंत विषाणूची लस आहे, त्यामुळे पूर्वीचे सगळे आजार आणि चालू औषधं न लपवता सांगा. सरकारमान्य केंद्रातच मिळते, वेळ आधी घ्या. दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि मग आयुष्यभर चालतो. त्याशिवाय परत आलात तर आपल्याकडे विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

कुस्को ३,४०० मीटरवर आहे, रक्तदाब असताना थेट तिथे उतरू नका. लिमाहून आधी पुएर्तो माल्दोनादोला जा, जंगल बघून झालं की कुस्को. मनूच गाठायचं तर कुस्कोत दोन-तीन दिवस नुसते आरामाचे ठेवा. ओतोरोंगोला तळ्याकाठी मनोरा आहे, वर बसून बघता येतं. तुमच्या चित्रकारासाठी मला तीच जागा योग्य वाटते.

धागालेखिका:

दोघांचेही मनापासून आभार. मनोऱ्याचं वाचून दाखवल्यावर नवरा उठून वही घेऊन आला.

लसीसाठी पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे. त्यांनी हो म्हटलं तर मनू, पाच-सहा दिवस, आणि परवडावं म्हणून माचू पिचू सोडून द्यायचं असं कालच ठरवलं. नाही म्हटलं तर त्याला घेऊन त्या जंगलात जायचं नाही, हेही ठरलंय. व्हिसाबद्दल कुणाला माहिती असेल तर अजून हवी आहे. आणि ‘जवळ नको, इथूनच बघू’ हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं, उच्चारासकट कुणी लिहून द्याल का?