टबमधील कुमुदिनीला कळ्या येत नाहीत आणि पाणी हिरवे झाले आहे

गच्चीतली_बाग (पुणे)

सर्वांना नमस्कार. डिसेंबरच्या अखेरीस मी एका रोपवाटिकेतून कुमुदिनीचे लहान रोप आणले. कमळासारखी मोठी फुले मला नको होती. पांढऱ्या पाकळ्यांवर कापसासारखी लव असणारे आणि मध्ये पिवळे असणारे ते रुपयाएवढे फूल एका नातेवाइकांच्या अंगणात पाहिले होते, तेव्हापासून ते मनात होते. टब १८ इंच व्यासाचा आणि साधारण १८ इंच उंच आहे. तळाशी बागेतली माती, शेणखत आणि कोकोपीट असे सारख्या प्रमाणातले मिश्रण चार इंच भरले, रोप लावले आणि टब काठोकाठ भरला. टबाच्या एका बाजूला गच्चीचा कठडा आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी असल्यामुळे ऊन सकाळी ९ ते ११ एवढेच मिळते.

पहिल्या आठवड्यात कोकोपीट वर तरंगू लागले आणि पाणी चहाच्या रंगाचे झाले. आता फेब्रुवारी उजाडला असून पाणी इतके गडद हिरवे झाले आहे की बोट बुडवले तर नख दिसत नाही. रोपाला चार पाने आहेत. नवे पान आले की जुने एक पिवळे पडते, म्हणजे संख्या काही वाढत नाही. मातीत काडी खुपसली तर बुडबुडे येतात आणि नाल्यासारखा वास येतो. मी दोनदा सगळे पाणी बदलून पाहिले, पण चारपाच दिवसांत ते पुन्हा हिरवे झाले. खत कमी पडत असेल का, आणि डासांची भीती असल्यामुळे पाण्यात काही औषध टाकावे का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाणवनस्पती_नाशिक

नमस्कार ताई. आपण इतके बारकाईने लिहिले आहे की रोप न पाहताही दुखणे कळते. खत कमी पडलेले नाही, ते फार झाले आहे. कुमुदिनी उथळ तळ्यांच्या आणि भातखाचरांच्या चिखलात वाढणारी वनस्पती आहे. तिला जड माती आणि भरपूर ऊन लागते, आणि या दोन गोष्टी असल्या की वरून जवळजवळ काहीच द्यावे लागत नाही. शेणखत पाण्याखाली हवेशिवाय कुजते, त्याचेच ते बुडबुडे आणि तोच तो वास. अशा मातीत कोवळी मुळे काळी पडतात. कुजताना सुटलेले अन्न पाण्यात मिसळते आणि ते रोपाच्या आधी शेवाळ उचलते, कारण शेवाळाचे कण पाण्यात सर्वत्र पसरलेले असतात, तर आपल्या रोपाला पाने चारच आहेत. पाणी बदलल्याने वरचे शेवाळ जाते, पण तळाचा साठा तसाच राहतो, म्हणून चार दिवसांत पुन्हा तेच होते.

माझ्या मते आता पाण्याशी खटपट न करता रोप नव्याने लावावे. थंडी ओसरत असल्यामुळे हा काळ त्यासाठी उत्तम आहे. रोप अलगद उपसून मुळे साध्या पाण्यात धुवावीत. पांढरी आणि घट्ट मुळे ठेवावीत, काळी आणि बोटात चुरगळणारी कात्रीने कापावीत. टबातली माती झाडांच्या कुंड्यांना वापरता येईल, ती वाया जाणार नाही. नवी माती म्हणून शेताच्या बांधावरची काळी चिकण माती किंवा पोयटा घ्यावा. परीक्षा सोपी आहे: मूठभर ओल्या मातीची गोळी करून ती तळहातावर वळावी, आणि बोटाएवढी वळी न तुटता झाली तर माती योग्य समजावी. कोकोपीट, पालापाचोळा आणि ओले गांडूळखत यांतले काहीही त्यात मिसळू नये. ही माती आठ-दहा इंच रुंदीच्या पसरट कुंडीत किंवा जुन्या घमेल्यात चार इंच भरून रोप लावावे, त्याचा कोंब मातीबाहेर राहू द्यावा आणि वर अर्धा इंच जाड, धुतलेली वाळू पसरावी. वाळूमुळे माती उसळत नाही आणि मासे ती उकरत नाहीत.

आता खोलीविषयी. तळ्यात ही वनस्पती चांगल्या खोल पाण्यातूनही पाने वर पाठवते, परंतु लहान आणि आजारी रोपाला आपण १४ इंच पाण्याखाली ठेवले आहे, आणि हिरव्या पाण्यातून तळापर्यंत उजेडही पोहोचत नाही. घमेले विटांवर ठेवून मातीवर फक्त चार इंच पाणी राहील असे करावे. नवी पाने पसरू लागली की एकेक वीट काढून आठ इंचांपर्यंत न्यावे. टब मात्र कठड्याजवळून हलवावाच लागेल, कारण रोज निदान पाच तास थेट ऊन मिळाल्याशिवाय कळ्या धरत नाहीत. पूर्ण भरलेला टब ७० किलोंच्या पुढे जातो, तेव्हा तो रिकामा करूनच हलवावा आणि गच्चीच्या मधोमध न ठेवता खाली भिंत किंवा तुळई असेल अशा जागी ठेवावा.

नळाचे पाणी बादलीत एक दिवस उघडे ठेवून मग घालावे. पुढे उन्हाळ्यात रोज बरेच पाणी उडू शकते. ती भर सकाळीच घालावी, कारण गच्चीवरच्या पाइपातले दुपारचे पाणी हाताला चटका बसण्याइतके तापलेले असते. नव्या मांडणीतही पहिले दोन-तीन आठवडे पाणी थोडे हिरवे होईल, त्या वेळी घाबरून ते बदलू नये. पानांनी पृष्ठभागाचा अर्ध्याहून अधिक भाग झाकला की शेवाळाला ऊन मिळत नाही आणि पाणी आपोआप निवळते. निवळलेल्या पाण्यात देठ तळापर्यंत दिसू लागतात, तो दिवस मला फुलाच्या दिवसाइतकाच आवडतो.

परसबाग_कोकण

वरील उत्तराशी सहमत आहे. डासांसाठी पाण्यात कोणतेही औषध टाकू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पाच-सहा गप्पी मासे सोडावेत. अनेक ठिकाणी नगरपालिकेचा किंवा आरोग्य केंद्राचा हिवताप विभाग ते विनामूल्य देतो. डेंग्यू पसरवणारा डास अंड्यापासून पूर्ण वाढेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस घेतो आणि मासे अळ्या त्याआधीच खातात. मात्र पाने दाट झाल्यावर माशांना वर यायला थोडी मोकळी जागा ठेवावी, आणि मासे वाढून जास्त झाले तरी ते ओढ्यात किंवा तळ्यात कधीही सोडू नयेत, कारण गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतले आहेत आणि आपल्या लहान देशी माशांचे अन्न व अंडी ते खातात.

मासे आल्यावर पानांवर कीटकनाशक चालत नाही, हे लक्षात ठेवावे. कडुनिंबाच्या तेलाची फवारणीसुद्धा टाळावी. मावा पडला तर पान हाताने पाण्याखाली दाबून हलवावे, मावा सुटतो आणि मासे तो टिपतात. आमच्याकडे पावसाळ्यात आणखी एक त्रास होतो. पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे लंबगोल तुकडे नाहीसे होतात आणि तसाच एखादा तुकडा पाण्यावर वाहत असतो. तो उचलून नखाने उघडला तर दोन तुकडे रेशमाने एकमेकांना चिकटवून आत एक फिकट अळी बसलेली दिसते. ती एका लहान पतंगाची अळी आहे आणि ते घर पाठीवर घेऊन ती पानापानांवर फिरते. असे तरंगते तुकडे रोज सकाळी वेचून काढले की आठवड्याभरात प्रश्न मिटतो.

रानफुले_सातारा

सातारकर असल्यामुळे या फुलाविषयी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झालेल्या कासच्या पठारावर जुन्या राजमार्गाने चालत गेले की कुमुदिनी तलाव लागतो. तिथे पावसाळा सरताना पाणी या फुलांनी पांढरे होते. दुपारी पोहोचणाऱ्यांची निराशा होते, कारण प्रत्येक फूल एकाच दिवसाचे असते. सकाळी उमलते आणि दुपारनंतर मिटून पाण्यात वाकते. तेव्हा घरीही फूल पाहायचे तर सकाळीच गच्चीवर जावे. त्या तलावातून किंवा कोणत्याही रानातल्या तळ्यातून रोप उपटून आणू नये. रोपवाटिकेतल्या एका रोपापासून हवी तेवढी रोपे होतात.

नावाचा एक घोळ इथे स्पष्ट केलेला बरा. संस्कृतात आणि जुन्या मराठीतही कुमुद म्हणजे रात्री उमलणारे पांढरे कमळ, ज्याला आज सगळे वॉटर लिली म्हणतात. आपली कुमुदिनी त्या कुळातली नाही. तिचे शास्त्रीय नाव निम्फॉइडिस इंडिका असून त्याचा अर्थच कमळासारखी दिसणारी असा आहे. ओळखायची खूण सोपी आहे. वॉटर लिलीची कळी तळातून स्वतंत्र देठावर येते, तर कुमुदिनीच्या कळ्या पानाच्या लगेच खाली, त्याच देठावर झुपक्याने येतात.

रोपे वाढवायची तीही याच झुपक्यापासून. फुले होऊन गेल्यावर तिथेच बारीक पांढरी मुळे सुटतात. ते पान तीन-चार इंच देठासह कापून ओल्या चिखलावर ठेवावे आणि वर बोटभर पाणी राखावे. थोड्याच दिवसांत ते धरते. बियांच्या भरवशावर मात्र राहू नये. या वनस्पतीत काही रोपांच्या फुलांत स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसर आखूड असतात, काहींत त्याच्या उलट असते, आणि दोन्ही प्रकारची रोपे जवळ असली तरच बी चांगले धरते.

गच्चीतली_बाग (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सगळे केले आणि आज, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, कळवण्यासारखे झाले म्हणून लिहीत आहे. उपसताना अर्ध्याहून अधिक मुळे काळी निघाली, तेव्हा रोप जगेल असे वाटले नव्हते. चुलत्यांच्या शेतातली काळी माती आणली, घमेले तीन विटांवर ठेवले आणि टब जिन्याच्या भिंतीलगत, साडेपाच तास ऊन येते तिथे हलवला. पहिले तीन आठवडे एकही नवे पान आले नाही आणि पाणीही हिरवे झाले, पण आपण बजावले होते म्हणून हात लावला नाही. चौथ्या आठवड्यापासून पाने येऊ लागली. आज अकरा पाने आहेत, एकच वीट उरली आहे आणि मासे तळाशी फिरताना दिसतात.

मंगळवारी सकाळी साडेसातला पहिले फूल उमलले. पाकळ्यांवरच्या लवेत पाण्याचे थेंब अडकले होते. मुलाच्या भिंगातून पाहिले तेव्हा मधला स्त्रीकेसर पुंकेसरांच्या बराच वर आलेला दिसला, म्हणजे माझे रोप लांब स्त्रीकेसराचे आहे. पुणे परिसरात कोणाकडे आखूड स्त्रीकेसराची कुमुदिनी असेल तर कृपया कळवावे. पावसाळ्यापर्यंत माझ्याकडे दोन-तीन रोपे तयार होतील, त्यांतले एक मी बदल्यात आनंदाने देईन.