एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा) आणि बाकीची तब्येत : तुमचे अनुभव लिहा

रानवारा

गेल्या आठवड्यात बहिणीबरोबर भाच्याला घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले होते. टॉन्सिल्स. डॉक्टरांनी घसा बघायच्या आधीच विचारायला सुरुवात केली. घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, सकाळी उठवताना कुरकुर करतो का, शाळेत एका जागी बसतो का. शेवटच्या प्रश्नाला बहीण माझ्याकडे बघायला लागली. घशाचा आणि शाळेत बसण्याचा काय संबंध?

मला एकदम आजी आठवली. लहानपणी रात्री माझे पाय स्वस्थ नसायचे. दुखायचे नाहीत, मुंग्याही नाहीत, पण आत काहीतरी वळवळायचं आणि पाय हलवल्याशिवाय राहवायचं नाही. आजी शेजारी झोपायची आणि अर्धवट झोपेतच माझ्या पोटऱ्या दाबत राहायची. दिवसा वर्गात माझं लक्ष कुठेच टिकायचं नाही. रात्रीचे पाय आणि दिवसाचं लक्ष, दोन्ही एकत्र कुणी पाहिलं नाही.

पस्तिशीत एडीएचडीचं निदान झालं तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी झोपेबद्दल खोदून खोदून विचारलं आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी, करायला सांगितलं. हिमोग्लोबिन व्यवस्थित, फेरिटिन ९. त्यांनी समजावलं ते असं : घरखर्चाला हातात पैसे आहेत, पण बँकेत शिल्लक काहीच नाही. मेंदूत डोपामिन (लक्ष टिकवायला लागणारं रसायन) तयार करणारं जे एन्झाइम आहे, टायरोसिन हायड्रॉक्सिलेज, त्याला कामासाठी लोह लागतं. अस्वस्थ पायांच्या त्रासातही लोहाचा संबंध पक्का आहे.

लोह हळूहळू भरून आलं, पाय शांत झाले, झोप लागायला लागली. एडीएचडी आहेच. वेळेचा अंदाज अजून चुकतो, हातातलं काम अर्ध्यात सुटतं, औषध चालू आहे. पण पूर्वी हे सगळं न झोपलेल्या शरीराने रेटत होते. तो फरक फार मोठा आहे.

"लोह कमी होतं ना, मग एडीएचडी नव्हतंच" असं म्हणणारे भेटले. "एडीएचडी आहे ना, मग बाकीच्या तपासण्या कशाला" म्हणणारेही भेटले. मला दोन्ही पटत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

तुमचं लिहा. झोप, थायरॉइड, रक्त, पाळी, कान, काहीही. निदान झालेलं असो वा नसो.

—

मध्यरात्र

पाय!!! मला आजपर्यंत वाटत होतं सगळ्यांनाच असं होतं. उद्याच फेरिटिन करते.

—

कदंब

मुलगा सात वर्षांचा असताना आमचंही घशावरूनच सुरू झालं. रात्री घोरायचा, मधेच श्वास अडकायचा, मग दचकून कूस बदलायचा. झोपेची तपासणी केली, स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) निघाला, अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) आणि टॉन्सिल्स काढले. त्यानंतर पोरगा सकाळी हसत उठायला लागला. चिडचिड निम्म्यावर आली. शाळेतून आलेली पहिली तक्रार नसलेली वही मी जपून ठेवली आहे.

पण लक्ष मात्र होतं तसंच राहिलं. आम्ही वर्षभर वाट पाहिली. मग निदान झालं. ऑपरेशन वाया गेलं का, असं नातेवाईक विचारतात. अजिबात नाही. पोराला रात्री श्वास घेता येतो. त्याहून मोठं काय असतं?

—

डॉ. पिंपळपान

बालरोगतज्ज्ञ आहे, ओपीडी सुरू व्हायच्या आत लिहितेय. कदंब, तुमच्या घरी झालं तसंच एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. झोपेत श्वास अडकणारी ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं. निम्म्यांचं ऑपरेशन लवकर केलं, निम्म्यांना देखरेखीखाली ठेवलं. सात महिन्यांनी लक्षाच्या चाचणीत म्हणण्यासारखा फरक नव्हता, पण वागणूक, झोप आणि एकूण जगणं ऑपरेशन झालेल्यांचं जास्त सुधारलं.

लोहाबद्दल : २००४ मध्ये फ्रान्समध्ये एक छोटा अभ्यास झाला, त्यात एडीएचडी असलेल्या ८४ टक्के मुलांचं फेरिटिन ३० च्या खाली होतं, इतर मुलांत १८ टक्के. पुढच्या सगळ्या अभ्यासांत इतका ठळक फरक आला नाही. म्हणून मी प्रत्येक मुलाला लोह देत नाही, पण तपासते. आणि कृपा करून तपासल्याशिवाय गोळ्या सुरू करू नका. जास्तीचं लोह शरीर सहज बाहेर टाकत नाही. लहान मुलांच्या हाती गोळ्या लागल्या तर जिवावर बेतू शकतं. पेशंट आले, येते.

—

निळी शाई

रानवारा, कोणती गोळी घेतलीस गं?

—

रानवारा

निळी शाई, नाव मुद्दाम नाही लिहीत. वरती डॉक्टरांनी लिहिलंय ते वाच ना. आधी रिपोर्ट, मग तुझ्या डॉक्टरांनी सांगितलेला डोस.

—

सह्यकडा

माझी गोष्ट उलटी आहे. चौतिसाव्या वर्षी अचानक कशात लक्ष लागेना. हात थरथरायचे, छातीत धडधड, रात्री जाग, एका खुर्चीत दहा मिनिटं बसवेना. वजन उतरलं. एडीएचडीबद्दल वाचलं आणि सगळं तंतोतंत जुळलं. डॉक्टरांनी एकच विचारलं : शाळेत असताना कसा होतास? मी शाळेत तासन्‌तास एकाच गणितावर बसणारा. ते म्हणाले, निकषांप्रमाणे लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून दिसायला हवीत, आधी थायरॉइड करू. ते भलतंच वाढलेलं होतं. उपचारांनी सगळं शांत झालं.

म्हणजे मला एडीएचडी नाही. पण ते काही महिने ज्यांनी जन्मभर काढलेत त्यांच्याबद्दल मनात फार आदर आहे.

—

मध्यरात्र

सह्यकडा, शेवटचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं.

—

ओवी

ऑफिसच्या लिफ्टमधून लिहितेय. मीटिंगमध्ये हातात क्रोशे असेल तर मला शेवटचं वाक्यसुद्धा आठवतं. हात मोकळे असतील तर पहिल्या पाच मिनिटांतच मी तिथे नसते. साहेबांना सरळ सांगितलं, त्यांनी मान्य केलं. तब्येतीचं नंतर लिहिते.

—

जुनी पेटी

ओवी, काय विणतेयस सध्या?

—

ओवी

चौकोन. छोटे छोटे. एक मीटिंग, एक चौकोन. चादर होईल एवढे जमलेत.

—

जुनी पेटी

फोटो टाक ना! मला कडेची जोडणी जमत नाही, चौकोन ओढले जातात.

—

अबोली५२

माझं वय नावात आहे. आयुष्यभर याद्या, चिठ्ठ्या, गजर यांच्या जोरावर नोकरी केली, दोन मुलं वाढवली. सत्तेचाळिशीत पाळी मागेपुढे व्हायला लागली आणि माझी सगळी यंत्रणा कोसळली. भरल्या मीटिंगमध्ये सहकाऱ्याचं नाव आठवेना. गॅस बंद केला का हे बघायला जिन्यातून तीनतीनदा परत. मला वाटलं विस्मृतीचा आजार सुरू झाला. फार घाबरले होते, कुणाला बोलले नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मात्र बरोबर धागा पकडला. इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाचा डोपामिनशी संबंध आहे, ते खालीवर व्हायला लागलं की आधीपासून असलेलं एडीएचडी उघडं पडू शकतं. मागे वळून पाहिलं तर पाळीच्या आधीच्या आठवड्यात मी नेहमीच जास्त विस्कटायचे. कुणी विचारलंच नव्हतं. आमच्यासारख्या मुली वर्गात उड्या मारत नव्हत्या, गप्प बसून स्वप्नं बघत होत्या. त्यामुळे मागे राहिल्या. हे मला आजही लागतं.

—

निळी शाई

अबोलीताई, नमस्कार घ्या. माझी आई अगदी अशीच आहे. तिला हे वाचून दाखवणार.

—

खडूफळा

शिक्षिका आहे. एक मुद्दा कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते. एक मुलगी वर्गात "हरवायची". सगळे म्हणायचे लक्ष नसतं. मी बघत बसले तेव्हा दिसलं की बोलता बोलता मधेच थांबते, काही सेकंद टक लावते, पापण्या फडफडतात, मग तुटलेलं वाक्य सोडून भलतंच बोलते. हाक मारून, हात लावून उपयोग नाही. स्वप्नात असलेलं मूल हात लावला की परत येतं. आईवडिलांना हे नेमकं लिहून दिलं. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) झाला, अ‍ॅबसन्स प्रकारचा, म्हणजे काही क्षण भान हरपणारा, अपस्मार निघाला. औषधं सुरू झाली आणि तिचे धडे पूर्ण व्हायला लागले.

ऐकू कमी येणं, चष्म्याचा नंबर, हेही आधी बघाच. मागच्या बाकावरची निम्मी "चंचल" मुलं पुढे आणली की कळतं.

—

उंबरठा

हे सगळं ठीक आहे पण आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही. मुलांना साखर कमी द्या, मोबाइल काढून घ्या.

—

सायली के

उंबरठाकाका, तुमच्या वेळच्याही आधी होतं. अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरांनी १७९८ मध्ये लक्ष न टिकण्याच्या आजाराबद्दल लिहून ठेवलंय. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल यांनी लंडनला अशा मुलांवर व्याख्यानं दिली. तेव्हा कुठला मोबाइल?

साखरेचं : १९९५ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले, साखरेने मुलांचं वागणं किंवा लक्ष बिघडतं असं दिसलं नाही. १९९४ चा एक प्रयोग तर बघण्यासारखा आहे. मुलांना साखर नसलेलं पेय दिलं, पण काही आयांना सांगितलं की साखर दिली आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली.

कृत्रिम रंगांची गोष्ट वेगळी. २००७ मध्ये ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टनच्या अभ्यासात काही मुलांवर थोडा परिणाम दिसला, २०१० पासून युरोपीय संघात सहा रंगांसाठी वेष्टनावर सूचना छापावी लागते. परिणाम छोटा आहे, पण रंग टाळल्याने नुकसानही काही नाही.

—

उंबरठा

वाचलं. साखरेचं माहीत नव्हतं. नातवाला घेऊन जायचं आहे म्हणून काळजीने लिहिलं.

—

सायली के

काका, न्या नक्की. घोरत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, डॉक्टरांना फार मदत होते.

—

गवतफूल

माझी लेक अठ्ठाविसाव्या आठवड्यात झाली. काचेच्या पेटीत होती. आता नऊ वर्षांची आहे, एडीएचडी आहे. अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या मुलांत याचं प्रमाण जास्त असतं हे वाचल्यापासून मी रोज स्वतःला विचारते की मी काय केलं असतं तर ती पोटात अजून राहिली असती.

—

अबोली५२

गवतफूल, बाळा, काही नाही. तू काहीही केलं नव्हतंस. ती जगली आणि नऊ वर्षांची झाली, हे तू केलंस.

—

डॉ. पिंपळपान

जेवायच्या सुट्टीत आले. गवतफूल, जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के धरतात. बाकीच्यात कमी दिवस, कमी वजन, शिशाचा संपर्क, डोक्याला गंभीर मार असं बरंच येतं. कुठल्याही एका मुलाकडे बोट दाखवून "ह्याच्यामुळे" असं मीही सांगू शकत नाही. शिवाय २००७ च्या एका अभ्यासात अशा मुलांच्या मेंदूचं बाह्यावरण पक्व होण्याचा क्रम इतर मुलांसारखाच होता, फक्त सुमारे तीन वर्षं उशिरा. तिला थोडा वेळ द्या, आणि स्वतःलाही.

—

मध्यरात्र

कुणाला रात्री दोनलाच डोकं लख्ख जागं होतं का? नाव उगीच नाही ठेवलं.

—

कदंब

मुलाच्या प्रश्नावल्या भरता भरता माझंही निदान झालं, आणि हो, माझंही डोकं रात्रीच जागं होतं. डॉक्टर म्हणाले एडीएचडीत बऱ्याच जणांचं शरीराचं घड्याळच मागे असतं, संध्याकाळी मेलाटोनिन (झोपेची वेळ सांगणारं संप्रेरक) उशिरा स्रवतं. सकाळी उठल्या उठल्या उजेडात चालायला लागलो, रात्री दिवे मंद. हळूहळू झोप अलीकडे सरकली.

मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचं औषधही घेतो. भूक कमी होते, नाडी-रक्तदाब नियमित तपासावा लागतो. पहिल्या दिवशी एक ईमेल उघडला, वाचला, उत्तर लिहिलं, पाठवलं. चाळिशीत पहिल्यांदा कळलं की लोक असं काम करतात. रडलो.

—

ओवी

आले परत. तब्येतीचं लिहायचं राहिलं होतं. मला दमा आणि त्वचेची अ‍ॅलर्जी आहे, लहानपणापासून. एडीएचडीबरोबर हे दोन्ही जास्त दिसतं म्हणतात. रात्रभर खाजवणारं मूल दिवसा लक्ष कुठून देणार? त्वचा आटोक्यात आली त्या वर्षी माझे गुण वाढले होते, हे आत्ता हा धागा वाचताना जाणवलं.

जुनी पेटी, जोडताना प्रत्येक कोपऱ्यात एक साखळी जास्त घे, ओढले जाणार नाहीत.

—

मध्यरात्र

फेरिटिनला उपाशी जायचं का? आणि मला सर्दी-ताप आहे, चालेल?

—

डॉ. पिंपळपान

ताप असताना नको. संसर्गात, सूज असताना फेरिटिन वाढलेलं दिसतं, मग खरा साठा कमी असूनही रिपोर्ट ठीक येतो. बरी होऊन थोडे दिवस जाऊ दे. उपाशीपोटाचं तुझ्या लॅबला विचार, कारण सोबत कोणत्या तपासण्या आहेत त्यावर ते ठरतं. हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) एकाच वेळी करून घे, दोनदा सुई नको.