रविवारी खडकी वॉर सिमेट्री (पुण्यातली युद्धात गेलेल्या सैनिकांची दफनभूमी): कोण कोण येतंय?

नीलिमा (बी-२०४): रविवारी सकाळी ८ ला गेटपाशी जमू. मुलांना नक्की आणा. नावं टाका, म्हणजे गाड्यांचं बघता येईल.

मंदार (ए-५०१): आम्ही तिघं 👍 येताना मिसळ!

देशपांडे काका (सी-१०३): वंदनच करायचं तर घोरपडीजवळच्या नॅशनल वॉर मेमोरियलला चला. कारगिलपर्यंतचे आपले जवान आहेत तिथे. खडकीत इंग्रजांच्या कबरी. दीडशे वर्षं राज्य केलं आपल्यावर, आता फुलंही आपणच वाहायची?

मंदार (ए-५०१): काका सकाळी सकाळी 😄

शिंदे सुभेदार (डी-००२): देशपांडे साहेब, घोरपडीला पण जाऊच. पण खडकीत नुसते साहेब लोक नाहीत. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतनं आणलेल्या शिपायांची नावं आहेत तिथं. कुठली लढाई आणि कुठं येऊन मेले बिचारे. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथं जिथं देखभाल होणार नव्हती, तिथनं उचलून इथं आणल्या. पहिल्या महायुद्धाचं स्मारक वेगळं, त्यावर १,८०० च्या वर नावं. त्यातले ६२९ जण आधी मुंबईत शिवडीला पुरलेले होते, त्यांचे अवशेष १९६२ मध्ये इकडं आणले.

नीलिमा (बी-२०४): आणि हुद्दा काहीही असो, दगड सगळ्यांना सारखाच. वर पलटणीचं चिन्ह, काही दगडांवर तळाशी घरच्यांनी निवडलेली ओळ. मागच्या वेळी माझी लेक वयंच वाचत सुटली होती. १९, २१, २०... मग म्हणाली, आई हे तर दादाएवढे.

सुमनताई (ए-१०२): हळदकुंकू, नारळ आणायचं का गं?

नीलिमा (बी-२०४): नको ताई, हळदीचे डाग दगडावरून जात नाहीत. सुटी फुलं पुरेत.

अथर्व (सी-४०२): आपल्या लोकांच्या कबरी इतक्या कमी का असतात? तेही लढले ना?

शिंदे सुभेदार (डी-००२): लढले की बाळा. हिंदू-शीख जवानांना अग्नी देतात, मग कबर कुठली असणार? नाव भिंतीवर. आणि काहींचा देहच मिळाला नाही. माणगावचे नाईक यशवंत घाडगे, आमच्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४, इटली. मशिनगनच्या माऱ्यात सेक्शनमधले, म्हणजे त्यांच्या छोट्या तुकडीतले, सगळे पडले. हा गडी एकटा पुढं गेला. ग्रेनेड टाकला, टॉमी गन चालवली, गोळ्या संपल्यावर तीच गन उलटी धरून दोघांना लोळवलं. मग स्नायपरनं टिपलं. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर. नाव तिकडं इटलीत कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर कोरलंय.

मंदार (ए-५०१): माणगाव म्हणजे आपलं गोवा हायवेचं माणगाव? दर गणपतीला तासन्‌तास अडकतो तिथे, कधी कळलंच नाही 😳

शिंदे सुभेदार (डी-००२): तेच. पुतळा आहे त्यांचा गावात. ट्रॅफिकला शिव्या देण्यापेक्षा उतरून नमस्कार करून या.
आणि आमच्या साताऱ्याकडं आपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. लढाई कुणाची का असेना, मनीऑर्डरी बंद झाल्या त्या आपल्याच घरात.

देशपांडे काका (सी-१०३): हे मान्य. राज्यकर्त्यांवरचा राग मात्र माझा कायम.

शिंदे सुभेदार (डी-००२): असू द्या की. राग घेऊनच या.

रोहन (बी-६०३): ड्रोन आणू का? लॉन भारी आहे, रील मस्त होईल

शिंदे सुभेदार (डी-००२): नाही.

नीलिमा (बी-२०४): रोहन, कॅन्टोन्मेंटचा भाग आहे, ड्रोनचं नावही काढू नकोस. मोबाइल सायलेंटवर. मुलांनी कबरींवर चढायचं नाही, बॅट-बॉल घरी. डबेसुद्धा तिथे उघडायचे नाहीत.

देशपांडे काका (सी-१०३): माझं नाव लिहा. पण त्याच्या पुढच्या रविवारी घोरपडी. तेही आत्ताच लिहून ठेवा.

नीलिमा (बी-२०४): लिहिलं काका. तुम्ही मंदारच्या गाडीत.