सहा तास चाललेल्या मेम्ब्रेनवर पीएचडी?

मळीवाला:
सोलापूर भागातल्या डिस्टिलरीत १८ वर्षं केमिस्ट आहे. मागच्या महिन्यात एका विद्यापीठात पीएचडीचं सादरीकरण ऐकलं. विषय आमच्याच डोकेदुखीचा: स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणारं सांडपाणी, मेम्ब्रेनमधून (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पापुद्र्यातून) गाळून पाणी परत वापरणं. आलेख देखणे. शेवटी विचारलं, सलग किती वेळ चालवलं? सहा तास. आणि स्पेंटवॉश कुठला? तो नव्हताच, पाण्यात ग्लुकोज आणि मीठ विरघळवलेलं! अहो, मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतो. सीओडी (सांडपाण्यातल्या घाणीचं माप) लिटरमागे लाख मिलिग्रॅमच्या घरात, मेलॅनॉइडिन या रंगद्रव्यामुळे रंग काळाकुट्ट, वर पोटॅश आणि कॅल्शियम. साखरपाणी गाळून त्याला 'औद्योगिक' संशोधन म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

चौथं_वर्ष:
दादा, मी हेच करते, म्हणून जरा लागलं. फ्लक्स, म्हणजे मेम्ब्रेनमधून पाणी गळण्याचा वेग, पडला तर दोष कुणाचा: यीस्टच्या पेशींचा, रंगाचा की कॅल्शियमचा? सगळं एकदम घातलं तर कळायचं कसं? म्हणून साध्या द्रावणापासून सुरुवात. आणि खरा स्पेंटवॉश देतंय कोण? तीन कारखान्यांना पत्रं लिहिली. एकाचं उत्तर नाही, दुसरीकडून गेटवरूनच परत. तिसरीकडे पहिला प्रश्न, 'नमुना प्रदूषण मंडळाकडे तर जाणार नाही ना?'

साठब्रिक्स:
कशाला भांडताय? इव्हॅपोरेटरने ६० ब्रिक्सपर्यंत (शंभर भागांत साधारण साठ भाग विरघळलेला घन माल) आटवा, बॉयलरमध्ये जाळा, राखेतलं पोटॅश विका. मेम्ब्रेनचं काम काय?

मळीवाला:
आटवायला वाफ लागते, ती काय तुमच्या घरून येते? आधी आरओने, म्हणजे दाब देऊन मेम्ब्रेनमधून, थोडं पाणी काढलं तर तेवढी वाफ वाचते. क्षार दाटले की ऑस्मॉटिक दाब (पाणी मागे ओढणारा क्षारांचा दाब) चढतो आणि आरओ तिथंच थांबतं, हे मान्य. ६० ब्रिक्स त्याच्या आवाक्यात नाही. पण सुरुवातीचं पाणी काढायला काय हरकत आहे?

साठब्रिक्स:
हरकत ही, की दर दोन दिवसांनी चोक होतं. आमच्याकडचं युनिट भंगारात गेलं. वाफेचं बिल परवडलं.

माटुंगा_८१:
मी मुंबईतल्या युडीसीटीचा, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञान शिकवणाऱ्या आताच्या आयसीटीचा. १९३३ पासूनची संस्था. आमचे प्राध्यापक कारखान्यांना सल्ला द्यायचे, त्यामुळे प्रश्न वर्गात आपसूक यायचे. आता दोन्हीकडचे दरवाजे बंद. तरी, चौथं_वर्ष, साध्या द्रावणाला माझी ना नाही, सहा तासांना आहे. पहिल्या दिवसाचा फ्लक्स सगळेच छापतात. मेम्ब्रेन कॉस्टिक सोड्याने दहा वेळा धुतल्यावर फ्लक्स किती परत येतो, तो आकडा द्या. साठब्रिक्सचं युनिट कशाने गेलं तेही त्यातच कळेल.

चौथं_वर्ष:
सर, दहा वेळा धुण्याइतका माल हातात आला तर नक्की करेन. पण मे महिन्यात उसाचं गाळप बंद असतं ना?

मळीवाला:
गाळप बंद, डिस्टिलरी चालू. मळी टाक्यांत भरलेली असते. ५० लिटरचे दोन कॅन घेऊन या, वरिष्ठांची सही मी घेतो. तुमच्या सरांचं पत्र मात्र लेटरहेडवर हवं. आणि परत जाताना झाकण गच्च आवळू नका. गेल्या वर्षी एकाने तसा नेला आणि गाडीतच कॅन फुगला.