रिलीज बोर्डाने 'नाना' लिहिलं की पुढची दोन अपिलं नावालाच का?

सिग्नल्सवाला
चुलतभाऊ तोफखान्यातून नायब सुभेदार म्हणून रिटायर झाला. हायपरटेन्शन. रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीवेळची डॉक्टरांची समिती) डिसॅबिलिटी ३० टक्के, आजन्म धरली आणि शेजारच्या रकान्यात 'नाना' लिहिलं, म्हणजे आजार नोकरीमुळे झाला नाही आणि नोकरीमुळे वाढलाही नाही. टक्के मान्य, डिसॅबिलिटी पेन्शन शून्य. पहिलं अपील केलं, फेटाळलं. दुसरं केलं, तेही फेटाळलं. दोन्ही पत्रांत तेच वाक्य: आजार पीस स्टेशनला (शांत भागातल्या पोस्टिंगला) सुरू झाला, फील्ड, हाय अल्टिट्यूड किंवा सीआय ऑप्सशी (बंडखोरीविरोधी कारवाईशी) जवळचा कालसंबंध नाही.

पीस स्टेशनच्या आधी हा माणूस कुठे होता, याचा एका पत्रातही उल्लेख नाही. त्याला कोणी बोलावलं नाही, विचारलं नाही. बोर्डाचं मत वरच्या समितीने उतरवून काढायचं असेल तर दोन पायऱ्या कशाला? सरळ ट्रिब्युनलला (सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे) जाऊ द्या की.

एएमसी_निवृत्त
दादा, भावाबद्दल सहानुभूती आहे, पण मी आर्मी मेडिकल कोअरचा (एएमसी) डॉक्टर म्हणून अशा बोर्डांवर बसलोय. चाळिशीनंतर बीपी गावातल्या शिक्षकालाही होतं आणि एसटीच्या कंडक्टरलाही. युनिफॉर्म घातला होता एवढ्यावरून ते सैन्यामुळे झालं असं डॉक्टरने लिहायचं का?

कॅगच्या २०२३ च्या अहवालातले आकडे बघा. रिटायर होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ४० टक्क्यांपर्यंत आणि जवानांपैकी १८ टक्क्यांपर्यंत लोक डिसॅबिलिटी पेन्शन घेऊन बाहेर पडत होते, आणि त्यात जीवनशैलीचे आजार भरपूर. सुरुंगात पाय गेलेला पोरगा आणि मेसमध्ये वजन वाढवलेला साहेब एकाच रांगेत उभे राहतात. साहेबांचं प्रमाण जवानांच्या दुपटीहून जास्त का, हे तुम्हीच सांगा.

वकील_कोथरूड
डॉक्टरसाहेब, साहेबलोकांवरचा राग नायब सुभेदारावर का काढता?

कायदा काय म्हणतो ते बघू. १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्सप्रमाणे भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं. नंतर आजार झाला तर तो नोकरीत उद्भवला असं गृहीत धरायचं. भरतीच्या तपासणीत तो कळण्यासारखा नव्हता असं बोर्डाचं म्हणणं असेल तर कारणं बोर्डाने द्यायची. पुराव्याचा बोजा जवानावर नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्याला.

धरमवीर सिंग प्रकरण (सुप्रीम कोर्ट, जुलै २०१३) यावरच उभं आहे. सिग्नल्सचा शिपाई, १९८५ ची भरती, नऊ वर्षांनी फिट येतात म्हणून बोर्ड आऊट (वैद्यकीय कारणाने नोकरीतून काढलं), डिसॅबिलिटी २० टक्के. बोर्डाने लिहिलं 'कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर', म्हणजे मुळातला शरीरदोष, आणि विषय संपवला. कारण एक ओळही नाही. कोर्टाने विचारलं, भरतीच्या कागदांवर याची नोंद कुठे आहे? नव्हती. पेन्शन मिळाली.

एएमसी_निवृत्त
वकीलसाहेब, २००८ पासून सप्टेंबर २०२३ पर्यंत बाहेर पडलेल्यांना २००८ चे रूल्स लागतात, आणि त्यांत ते सरसकट गृहीतक ठेवलेलं नाही. अठरा वर्षांच्या पोराची छाती मोजून आणि लघवी तपासून त्याला चाळिशीत काय होणार हे कुठल्या डॉक्टरला कळतं? नोंद नव्हती, म्हणजे फौजेनेच दिलं, हे वैद्यकशास्त्र नव्हे.

निकषही हवेतले नाहीत. हृदयविकाराचा झटका आला तर आधीच्या १४ दिवसांत माणूस कुठली ड्यूटी करत होता, हे आम्ही युनिटकडून लेखी मागवतो.

वकील_कोथरूड
१४ दिवस! धमन्या १४ दिवसांत तुंबतात का हो डॉक्टर?

आणि २००८ च्या रूल्सवरही निकाल आलेत. मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टापुढे एका सुभेदाराच्या डायबिटिसचं प्रकरण होतं. कोर्टाचं म्हणणं सरळ आहे: आजार पीस स्टेशनला दिसला, एवढं कारण पुरत नाही. नोकरीशी संबंध नसेल तर मग कशामुळे झाला, हे बोर्डाने लिहावं. लठ्ठपणा, घराण्यातला आजार, व्यसन, जे असेल ते. जवानाला द्याच असं कोर्ट म्हणत नाही, नाकारायचं तर कारण द्या म्हणतं.

पगारातून_टीडीएस
करदाता म्हणून माझा प्रश्न वेगळा. ट्रिब्युनल देतं, मग सरकार वर जातं. २०२३ च्या परशोत्तम दास निकालाने ट्रिब्युनलच्या आदेशाविरुद्ध हायकोर्टाचा रस्ता पुन्हा मोकळा झाला. तो जवानांच्या सोयीचा म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, आणि सरकारच रिट घेऊन रांगेत पुढे. जुलै २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सरकारच्या अशा जवळपास ३०० याचिका एकत्र फेटाळल्या. या वकिलांची फी माझ्याच खिशातून ना? भांडण केवढ्याचं तेही बघा. शेवटचा पगार ४०,००० धरला तर १०० टक्के डिसॅबिलिटीला डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १२,०००. तीस टक्केवाल्याला महिना ३,६००.

वकील_कोथरूड
३,६०० नाही, ६,०००. राम अवतार निकालापासून (डिसेंबर २०१४) मुदत पूर्ण करून रिटायर झालेल्यालाही राउंडिंग मिळतं, त्यात ३० चे ५० टक्के धरतात.

एएमसी_निवृत्त
बघा, हेच. ३० टक्के आजाराला ५० टक्क्यांचे पैसे. मग प्रत्येक जण रिटायरमेंटच्या आधी बीपी मोजायला येतो. आम्ही कडक राहायचं नाही तर कोणी?

कराडची_सून
माझे सासरे बारा वर्षं ट्रिब्युनलला गेलेच नाहीत. 'साहेबांनी नाही म्हटलं म्हणजे नाही.' गेले तेव्हा पेन्शन लागली, पण थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची. बाकीची गेली. डॉक्टरकाका, तुमच्या कडकपणाने मेसमधले साहेब अडत नाहीत, ते वकील लावतात. अडतात आमच्यासारखे.

सिग्नल्सवाला
ताई, अगदी. आता काय करावं ते कोणी सांगेल का?

वकील_कोथरूड
दुसरं अपील फेटाळल्याच्या आदेशापासून सहा महिन्यांत ट्रिब्युनलला अर्ज. महाराष्ट्र, गोवा, गुजरातसाठी मुंबई बेंच. एक न्यायिक सदस्य, एक माजी वरिष्ठ फौजी अधिकारी. रेकॉर्ड ऑफिसकडून बोर्डाची पूर्ण प्रत मागवा, नुसतं पहिलं पान नको. भरतीच्या मेडिकलची प्रत आणि पोस्टिंगची यादी तारखांसकट हवी.

एएमसी_निवृत्त
आणि त्या प्रतीत कमांडिंग ऑफिसरने ड्यूटीबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. ते पान बऱ्याचदा बोर्डाच्या मताशी जुळत नाही. माझं मत बदललेलं नाही, पण ते पान वाचा.